ब्रोकाने न हुंगलेलं नाक

एप्रिल २०२१. गॅसवरचं दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं पडलं, आणि मी बाहेरच्या खोलीत मोबाइल बघत बसलो होतो. शेजारच्या काकूंनी दार बडवलं तेव्हा कळलं. कोविडने वास नेला होता. "वासच ना, येईल परत," सगळे म्हणायचे. डोळे गेले असते तर असं कुणी म्हटलं असतं का?

नाकाला इतकं हलक्यात घ्यायला आपण कधी शिकलो, हे शोधताना पॉल ब्रोका भेटला. एकोणिसाव्या शतकातला पॅरिसचा सर्जन. मेंदूतलं बोलण्याचं केंद्र दाखवून दिलं तो हाच. प्राण्यांचे मेंदू तपासताना त्याला दिसलं, की माणसाच्या मेंदूचा पुढचा भाग भलामोठा, पण त्याखालचे वासाचे दोन कंद त्या मानाने चिमुकले. मग त्याने नाकाच्या भरवशावर जगणारे प्राणी वेगळे काढले आणि माणसाला त्यांच्या बाहेर बसवलं. कुणाला काही हुंगायला देऊन नाही, नुसतं आकारमान बघून! पुढे फ्रॉइडनेही लिहिलं, की माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि वासाचं महत्त्व ओसरलं. पुस्तकांतून हेच फिरत राहिलं.

१९९१मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना गंध ओळखणाऱ्या ग्राहींची जनुकं सापडली. २००४चं नोबेल त्यासाठीच. उंदरात अशी हजारेक जनुकं चालू असतात, आपल्यात चारशेच्या आसपास. कमी वाटतात ना? पण एकच रेणू एकाच वेळी अनेक ग्राहींना जागं करतो. पेटीवर चार पट्ट्या एकदम दाबाव्यात तसं. त्यामुळे चारशेंतून होणाऱ्या जुळण्या मोजता मोजता दमायला होईल.

२००७मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी माणसांचे डोळे-कान बंद करून त्यांना गवतावर रांगायला लावलं, चॉकलेटच्या वासाच्या मागावर. सुमारे दोन तृतीयांश जणांना तो माग काढता आला. सरावाने वेगही वाढला. कुत्र्याशी बरोबरी नाहीच, पण ब्रोकाचा हिशोब चुकलाच होता. २०१७मध्ये जॉन मॅकगॅन यांनी 'सायन्स'मध्ये हे सगळं सविस्तर मांडलं.

कोविडचा विषाणू मुख्यतः वासाच्या चेतापेशींना नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींना धरतो. म्हणून बहुतेकांचा वास परत येतो. माझा यायला चार महिने लागले. पहिला आला तो हिंगाच्या फोडणीचा, काकूंच्या घरातून.