साथ आणि सोबत

आपल्या भाषेत ‘साथ’ हा शब्द रोगाच्या फैलावालाही लावतात आणि गवयामागे बसणाऱ्या पेटीवाल्याच्या कामालाही. पहिली साथ माणसे तोडते, दुसरी जोडून धरते. पहिलीचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. ती ओसरल्यावर दुसरी पुन्हा कशी जमते, विशेषतः वृद्धांची कशी जमते, ह्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला आणि थोड्याच महिन्यांत तो पुण्यात पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघी चार कलमे. पण त्याच्या बळावर घरांच्या झडत्या झाल्या, माणसे छावण्यांत नेली गेली, आणि त्या संतापाचा शेवट २२ जून रोजी रँडवर गोळी सुटण्यात झाला. हे सर्वांस ठाऊक आहे. मला सांगावयाचे आहे ते त्या कायद्यात नसलेल्या गोष्टीविषयी. माणसे अलग कशी करावीत ह्याचा अधिकार त्याने दिला. अलग झालेल्यांना पुन्हा एकत्र कसे आणावे ह्याविषयी त्यात अक्षर नाही. ते लोकांनी आपल्या परीने पाहिले. पुढे प्लेगची चाहूल लागली की माणसे गाव सोडून माळावर झोपड्या घालीत. हाल होत, पण आळीच्या आळी बाहेर पडली, तर म्हाताऱ्यांचा शेजार सुटत नसे.

१९१८ च्या इन्फ्ल्युएंझाची तऱ्हा निराळी. त्याने तरण्याताठ्यांवर अधिक घाला घातला आणि कित्येक घरांतून म्हातारे व पोरेच मागे ठेवली.

मार्च २०२० मध्ये १८९७ चाच कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. ह्या खेपेस धोका वृद्धांना अधिक, म्हणून पासष्टीवरील माणसांनी घरीच राहावे अशी सूचना निघाली. ती अनाठायी होती असे मी म्हणणार नाही. परंतु दार लावण्यास जसा मुहूर्त होता, तसा उघडण्यास नव्हता. बंदी उठली, तरी पायांची सवय मोडली होती आणि बाकावरचे दोन सोबती नाहीसे झाले होते.

ह्याला एक ठळक अपवाद दिसतो, तो वारीचा. २०२० आणि २०२१ साली पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. पायी सोहळा झाला नाही. २०२२ मध्ये दिंड्या पुन्हा वाटेला लागल्या. ह्यामागे केवळ भक्ती आहे असे समजू नये, व्यवस्थाही आहे. दिंडीला रथापुढे किंवा रथामागे ठरलेला क्रमांक असतो, आणि दिंडीत विणेकरी, टाळकरी, पताकावाले असतात. मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार काठी उंचावतो, सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे मात्र वाजत राहतात, आणि तिचे म्हणणे ऐकले जाते. हरवल्या-सापडल्याची वर्दीही तिथेच. सत्तरीच्या वारकऱ्याला तिथे ‘वेळ कसा जातो?’ असे कोणी विचारीत नाही. त्याच्या हाती टाळ असतो, आणि तो आला नाही तर ओळीत जागा रिकामी दिसते.

शहरात अशी ओळ कुठे आहे? शिवाय तेथवर पोहोचायचे कसे, हा प्रश्नही आहेच. मार्च २०२० मध्ये रेल्वेने वृद्धांची भाडेसवलत काढून घेतली आणि गाड्या पूर्ववत धावू लागल्यावरही ती लगेच परत दिली नाही. उलट ऑगस्ट २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एस.टी.ने पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत केला. लेकीच्या गावी जाण्यास म्हातारीला मुलापाशी पैसे मागावे न लागणे, ह्याची किंमत नुसत्या तिकिटाएवढी नाही.

आपल्या गावातील भजनी मंडळांनी आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी २०२० च्या आधीच्या हजेरीच्या वह्या एकदा बाहेर काढाव्यात. त्यांतील जी माणसे हयात असून परत आली नाहीत, त्यांच्या घरी निरोप न धाडता माणूस पाठवावा; पूर्वी कोणी तबला धरीत असेल, कोणी वर्गणी गोळा करीत असेल, तर तेच काम पुन्हा सोपवावे. बैठक तळमजल्यावर घ्यावी, आणि दिवेलागणीपूर्वी उठवावी.