एका मीटरची वाट : दिल्ली–रेवाडी रेल्वेचे बाष्पयुग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे सुटलेली पहिली आगगाडी प्रत्येक मराठी मुलाला पाठ्यपुस्तकातून परिचित असते. परंतु दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या अगदी अंगणात भारतीय रेल्वेच्या इतिहासाचे आणखी एक पान लिहिले गेले, याची जाणीव फार थोड्यांना असते. १४ फेब्रुवारी १८७३ रोजी दिल्ली–रेवाडी मार्ग आणि त्याची फारुखनगर शाखा वाहतुकीस खुली झाली. भारतातील पहिला मीटरगेज रेल्वेमार्ग तो हाच.

तोपर्यंत देशातील प्रमुख लोहमार्ग साडेपाच फूट रुंदीचे होते. हे ब्रॉडगेज मार्ग भक्कम खरे, पण खर्चिकही तितकेच. १८६८–६९ मध्ये राजपुतान्यात भीषण दुष्काळ पडला. चाऱ्याअभावी बैल मेले, बैलगाड्या थांबल्या आणि अन्यत्र उपलब्ध असलेले धान्यही भुकेल्यांपर्यंत पोहोचू शकले नाही. विरळ वस्तीच्या, कोरड्या मुलखातही रेल्वे नेणे अपरिहार्य आहे, हे सरकारला उमगले. मात्र तिजोरीला ब्रॉडगेजचा भार पेलणारा नव्हता.

स्वस्त मार्गाची रुंदी किती असावी, यावर तज्ज्ञांचे एकमत होईना. कोणी पावणेतीन फूट सुचवले, तर कोणी साडेतीन. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी मध्यममार्ग काढला आणि अखेर एक मीटर, म्हणजे सुमारे सव्वातीन फूट, हे माप निश्चित झाले. देशात मेट्रिक मापे आणण्याचा सरकारचा त्या वेळी मानस होता. १८७१ मध्ये तसा कायदाही संमत झाला, पण तो अमलात आला नाही. बाजारपेठेत मेट्रिक मापे रुजण्यास १९५८ पासून प्रारंभ झाला. दुकानात कापड मीटरने मोजले जाण्यापूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे मीटर रुळांच्या रूपाने दिल्लीत वास्तव्य करून होता! मेयो यांना मात्र ही गाडी पाहता आली नाही. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात त्यांची हत्या झाली होती.

फारुखनगर शाखेमागे मिठाचे कारण होते. त्या परिसरातील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ तयार होत असे. परंतु पुढे याच रेल्वेमुळे राजपुतान्यातील सांभर सरोवराचे मीठ उत्तरेच्या बाजारात सहज येऊ लागले आणि स्थानिक मिठागरे त्या स्पर्धेत टिकली नाहीत. ज्या रुळांनी व्यवसायाला बाजार दिला, त्याच रुळांनी त्याचा प्रतिस्पर्धीही दाराशी आणून उभा केला.

हा मार्ग १८७५ मध्ये अजमेरला आणि १८८१ मध्ये अहमदाबादला पोहोचला. १८८५ मध्ये त्याचे व्यवस्थापन मुंबईच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडे आले. तरीही या वाटेने मुंबईहून दिल्लीस येणाऱ्या प्रवाशाला अहमदाबादला ब्रॉडगेजची गाडी सोडून मीटरगेजची धरावी लागे. प्रवासी निदान आपल्या पायांनी फलाट बदलत. मालाला पाय नव्हते. जिथे दोन गेज भेटत, तिथे प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. दिल्लीत हे घडले, तसेच महाराष्ट्रात मिरज आणि मनमाड येथेही घडले. रूळ घालताना वाचलेला पैसा पुढे वेळ, नासधूस आणि हमालांचे श्रम यांच्या रूपाने पिढ्यान्‌पिढ्या चुकता होत राहिला.

असे असूनही या मार्गाची थोरवी कमी होत नाही. भारतात बांधलेले पहिले रेल्वे इंजिन, ‘एफ-७३४’, १८९५ मध्ये मीटरगेजसाठीच अजमेरच्या कारखान्यात तयार झाले. १८९३ मध्ये रेवाडीला इंजिनघर उभे राहिले. दिल्ली, अलवर, फुलेरा, भटिंडा, सादुलपूर अशा दिशांनी येणाऱ्या मार्गांमुळे रेवाडी हे मीटरगेजचे मोठे जंक्शन बनले. थंड इंजिनात वाफ धरायला कित्येक तास लागत. म्हणून गाडी पहाटे सुटायची असेल, तर भट्टी आदल्या रात्रीच पेटे. प्रवासी निद्रेत असताना कुणीतरी कोळसा ओढत असे, सांधे तेलवत असे, बॉयलरमधील पाण्याच्या पातळीवर नजर ठेवीत असे. वेळापत्रकात यांपैकी कुणाचेही नाव नसे.

१९९२ मध्ये देशभर एकच गेज करण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि मीटरगेज टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये विलीन झाले. रेवाडीचे इंजिनघर बंद पडले. पण ते मोडीत निघाले नाही. त्याचा जीर्णोद्धार होऊन २०१० मध्ये तेथे बाष्पइंजिनांचे संग्रहालय सुरू झाले. १८५५ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे घडवलेली ‘फेअरी क्वीन’ ही तेथील मानकरी. ‘एफ-७३४’ चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात विसावले आहे.

आज पालम–गुरुग्रामवरून जाणारी विजेची गाडी काही मिनिटांत पुढे निघून जाते. ती ज्या वाटेने जाते, ती वाट दुष्काळाने मागितली, काटकसरीने आखली आणि अनामिक हातांनी सव्वाशे वर्षे चालती ठेवली. दिल्लीकर मराठी मुलांनी बोरीबंदर–ठाण्याबरोबर दिल्ली–रेवाडीही आपल्या इतिहासात मांडावी. पहिला प्रवास त्यांच्या पूर्वजांच्या भूमीतला आहे, दुसरा त्यांच्या स्वतःच्या.