राउटर कोणाचा?

आंतरजालाची नवी जोडणी घेतली की सेवादात्याचा तंत्रज्ञ एक छोटी पेटी भिंतीवर बसवून जातो. ती काढून आपल्या पसंतीचा राउटर बसवावा का, आणि बसवायचा तर कोणता, असे मला वारंवार विचारले जाते. बदलीच्या नोकरीत असणाऱ्यांना आणि महाराष्ट्राबाहेर भाड्याच्या घरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तर हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी पडतो. बाजारातील नमुन्यांची तुलना करणारे लेखन पुष्कळ आहे. मला मात्र या प्रश्नात प्रशासनातील एक जुना वाद दिसतो : जाळ्याची हद्द कोठे संपते आणि नागरिकाची कोठे सुरू होते?

१८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालविण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. ‘तार’ या संज्ञेची व्याख्या इतकी व्यापक होती की पुढे दूरध्वनीही तिच्यात सामावला गेला. परिणामी दिवाणखान्यातील काळा दूरध्वनी खात्याचा, तार खात्याची आणि दुरुस्तीही खात्याची, अशी स्थिती अनेक दशके राहिली. ‘ओन युवर टेलिफोन’ या योजनेच्या नावात मालकी होती; पण मोठी रक्कम आगाऊ भरून ग्राहक प्रत्यक्षात विकत घेत होता तो प्रतीक्षायादीतील अग्रक्रम. बिनतारी उपकरणांसाठी १९३३ चा वेगळा कायदा होता. परवान्याविना असे उपकरण जवळ बाळगणे हाच त्यात गुन्हा होता. घरच्या रेडिओच्या परवान्याचे शुल्क टपाल कचेरीत भरल्याचे जुन्या पिढीला आठवत असेल. ती पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यास संपली.

अमेरिकेतही दूरध्वनी कंपनीच्या जाळ्याला परके यंत्र जोडण्यास मज्जाव असे. १९६८ मध्ये तेथील नियामक आयोगाने ‘कार्टरफोन’ प्रकरणात निर्णय दिला की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने स्वतःचे उपकरण जोडण्यास हरकत घेता येणार नाही. पुढे बाजारात आलेली उत्तर नोंदविणारी यंत्रे, फॅक्स आणि मोडेम यांचा मार्ग या निर्णयाने सुकर झाला. भारतात १९८४ मध्ये दूरध्वनी यंत्रांचे उत्पादन खाजगी क्षेत्रास खुले झाले आणि आवडीचा बटनांचा दूरध्वनी घरी आणणे हळूहळू सामान्य झाले.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली, तेव्हा मोडेम ग्राहकच विकत घेत असे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर सेवेसोबत मोडेम देण्याची प्रथा रूढ झाली आणि प्रकाशतंतू घरापर्यंत आल्यावर ती पक्की झाली. खात्याची मक्तेदारी संपली. पण भिंतीवरची पेटी पुन्हा दुसऱ्याच्या मालकीची झाली. टीआर-०६९ या प्रमाणपद्धतीमुळे सेवादात्याला ती दुरूनही चालविता येते. दुरुस्ती यामुळे सोपी होते, हे मान्य केले पाहिजे. मात्र घरातल्या यंत्राची एक किल्ली बाहेर राहते, हेही तितकेच खरे.

जबाबदारी मात्र कोणाकडे असते? जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्टा परवानामुक्त झाला आणि घरगुती वाय-फायला मोकळी वाट मिळाली. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांपूर्वी काही मिनिटे आलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतील एका घराच्या असुरक्षित वाय-फायपर्यंत पोहोचला. ते जाळे बाहेरच्यांनी वापरले होते. चौकशीला मात्र आधी घरात राहणाऱ्याला सामोरे जावे लागले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सेवादात्यांना सूचना दिल्या. जुलै २०१७ मध्ये तर एका विघातक संगणकप्रणालीने मूळचा पासवर्ड न बदललेले भारतातील हजारो ब्रॉडबँड मोडेम निकामी केले. या दोन्ही घटनांत दोष यंत्राच्या मांडणीत होता आणि फटका घरातल्या माणसाला बसला.

प्रशासनात आम्ही प्रथम शिकतो ते हे की उत्तरदायित्व द्यायचे तर त्याच्या जोडीने अधिकारही दिला पाहिजे. जर्मनीने हे तत्त्व कायद्यात आणले. १ ऑगस्ट २०१६ पासून तेथे सेवादात्याचे जाळे भिंतीतील जोडबिंदूपाशी संपते आणि जोडणीसाठी लागणारी सर्व माहिती ग्राहकाने न मागता द्यावी लागते. अमेरिकेत २०१९ च्या कायद्याने, ग्राहक स्वतःचे उपकरण वापरत असताना त्याच उपकरणाबद्दल भाडे आकारण्यास मनाई केली. आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने १८८५ व १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली आणि त्याची कलमे जून २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागली. भिंतीवरील पेटीचा निर्णय मात्र ग्राहकाला आपल्या करारपत्रातील अटी वाचूनच करावा लागतो.

तेव्हा निवड कशी करावी? प्रथम पेटीची दोन कामे वेगळी ओळखावीत. प्रकाशतंतूवरील संदेश संगणकाला समजेल असा करणे हे ओएनटीचे काम. घरातील उपकरणांना जोडणी वाटून देणे व बाहेरच्यांना अडविणे हे राउटरचे. ओएनटीचा अनुक्रमांक सेवादात्याच्या केंद्रात नोंदलेला असतो, म्हणून ती परस्पर बदलता येत नाही. ती ‘ब्रिज मोड’मध्ये ठेवून मागे आपला राउटर जोडावा. यासाठी वापरकर्तानाव, पासवर्ड आणि असल्यास व्हीलॅन क्रमांक लेखी मागावा. माझ्या सेवादात्याने तोंडी विनंतीला दाद दिली नाही. ई-मेलने तक्रार क्रमांक घेतल्यावर चौथ्या दिवशी काम झाले. ब्रिज मोड मिळालाच नाही तर जुन्या पेटीचे वाय-फाय बंद करून नवा राउटर केबलने जोडावा. नेहमीच्या वापरास एवढे पुरते. दुरून कॅमेरे पाहण्यासारख्या कामांत मात्र अडचण येऊ शकते. घरचा दूरध्वनी ओएनटीलाच जोडलेला असेल तर तो तेथेच राहू द्यावा.

राउटर घेताना जाहिरातीतील वेगापेक्षा सुरक्षा-सुधारणा किती वर्षे मिळणार हे आधी विचारावे. १०० मेगाबिटांच्या जोडणीला महागडा राउटर लावून वेग वाढत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जवळ अधिक वेग देतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये या दुसऱ्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ आपल्याकडे परवानामुक्त झाले, त्यामुळे दोन्ही पट्ट्यांवर चालणारा राउटर घेणे श्रेयस्कर. परदेशातील आप्त राउटर पाठविणार असतील तर त्याचा अडॅप्टर २३० व्होल्टवर चालतो का आणि त्यात भारताची लहरव्यवस्था निवडता येते का, हे तपासावे. बसविताच मूळचा पासवर्ड बदलावा आणि पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. सेवादात्याची पेटी परत केल्यास पोच घ्यावी, अन्यथा घर सोडताना अनामत रक्कम अडकते.

ज्यांना हे सारे सांभाळण्याची सवड नाही, त्यांनी सेवादात्याचीच पेटी ठेवावी. त्यात कमीपणा नाही. पण पासवर्ड तेवढा आजच बदलावा. उद्या चौकशी आली तर पहिला प्रश्न त्या पेटीच्या मालकाला नव्हे, ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याला विचारला जाईल.