‘ब्रह्मचारी’ आणि तालमीची माती

कोल्हापुराहून उत्तरेच्या बाजूस वारणेच्या रोखानें निघालें म्हणजे पेठ वडगांव लागतें. नांवाप्रमाणेंच हें पेठेचें, उदीमव्यापाराचें गांव. परंतु इतिहासाच्या वाचकास त्याची ओळख निराळ्या कारणानें असते. सेनापति धनाजी जाधव १७०८ सालीं येथें निवर्तले व त्यांची समाधि आजही येथें आहे. ज्यांच्या धाकानें मोंगलांचे घोडे पाणी पीत नसत अशी दंतकथा आहे, त्यांच्या समाधीच्या या मुलखांत मुलाच्या मनगटास आधीं मोल आणि अक्षरास मागाहून, असा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला असल्यास नवल नाहीं.

तालीम म्हणजे काय, हें शहरी वाचकास थोडें सांगितलें पाहिजे. ठेंगणें दार, कीं आंत शिरणारानें मान लववूनच जावें, समोर मारुति, मध्यें हौदा, व हौद्यांत चाळून घेतलेली तांबडी माती. तींत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलीं असतात. पहाटे जोर, बैठका आणि लढत; मागाहून दूध आणि बदामाची थंडाई. वस्तादाचा शब्द हाच कायदा. येथें शरीर कमवावयाचें तें कोणीं पाहावें म्हणून नव्हे, तर जत्रेच्या फडांत जोडीदारास चीत करावें म्हणून. दंड किती इंच भरला हें कोणी मोजीत नाहीं. पाठ मातीस लागली कीं नाहीं, एवढाच सवाल.

अशा या कोल्हापूरच्या एका चित्रपटसंस्थेनें १९३८ सालीं व्यायाम आणि ब्रह्मचर्य यांच्या वेडाची मनमुराद थट्टा करणारा ‘ब्रह्मचारी’ हा चित्रपट काढला, आणि तो सर्वत्र लोकप्रिय झाला. ज्या प्रांतांत शरीर ही जवळजवळ देवता, तेथूनच शरीरसाधनेची ही थट्टा निघावी, आणि कोणास तो आपला अपमान वाटूं नये, हें कसें? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासारखें आहे. कारण त्यांत थट्टा नेमकी कोणाची झाली आणि तिची किंमत कोणीं भरली, हेंही कळून येतें.

कोल्हापुरांत मल्ल आणि नट हे पहिल्यापासून शेजारी. शाहू छत्रपतींनीं कुस्तीस राजाश्रय दिला; त्यांचें खासबाग मैदान १९१२ सालीं खुलें झालें. त्याला लागूनच त्यांनीं पॅलेस थिएटर बांधविलें, तें १९१५ सालीं पुरें झालें. पुढें त्यास केशवराव भोसले यांचें नांव मिळालें. एका भिंतीच्या अलीकडे शड्डू आणि पलीकडे तंबोरा, अशी ही योजना होती. चित्रपट आला तोही याच संस्कारांत वाढला. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीनें १९२० सालीं ‘सैरंध्री’ काढला, त्यांतील भीमानें कीचकास मारल्याचा प्रसंग इतका हुबेहूब उतरला कीं तो पुढें कापला गेला. तेव्हां बळकट देह पडद्यावर पाहण्याची कोल्हापुरास संवय होती. त्यास हंसण्याची मात्र नव्हती.

याच सुमारास बाहेर दुसरें एक वारें वाहूं लागलें होतें. यूजेन सँडो या जर्मन बलभीमानें शरीर पिळदार दिसावें हीच एक स्वतंत्र विद्या केली. १९०१ सालीं लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्यें त्यानें शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरविली. तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल हेही बसले होते. १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानांतही येऊन गेला. त्याच्या विद्येंत प्रतिस्पर्धी नाहीं, आरसा आहे. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं सुमारें दहा वर्षें सँडोच्या पद्धतीनें व्यायाम केला, मग ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि ग्रंथांनीं, व्याख्यानांनीं व संस्थानांतील शाळांच्या द्वारें त्यांनीं त्याचा हिरिरीनें प्रसार केला. अमरावतीस १९१४ सालीं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघालें. त्याच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी व्यायामांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं.

या चळवळीमागील कळकळ खोटी नव्हती. परकी सत्तेखालीं वाढलेल्या पांढरपेशा तरुणास आपल्या दुबळ्या दंडाची लाज वाटत होती, आणि ती लाज धुऊन काढणें हें त्यास देशकार्य वाटत होतें. परंतु औषधाचें व्यसन व्हावें तसें कित्येकांचें झालें. व्यायामानें बळ येतें हें खरें. पण बळ ब्रह्मचर्यानें टिकतें, ब्रह्मचर्य स्त्रीचें मुख न पाहिल्यानें टिकतें, आणि तें टिकलें कीं देश आपोआप तरतो, अशी पायरीपायरीनें चढत जाणारी विचारसरणी जागोजागच्या व्यासपीठांवरून ऐकूं येऊं लागली.

प्रल्हाद केशव अत्रे यांच्या विनोदाला हें आयतें खाद्य होतें. १९३३ सालीं त्यांनीं ‘साष्टांग नमस्कार’ हें नाटक लिहिलें. त्यांतील रावबहादुरांस सूर्यनमस्काराचें असें वेड आहे कीं, जगांतील सर्व दुखण्यांस त्यांच्याजवळ एकच काढा. पांच वर्षांनीं त्याच धाग्यावर त्यांनीं ‘ब्रह्मचारी’ची कथा विणली. ती पडद्यावर आणणारी हंस पिक्चर्स ही संस्था मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनीं १९३६ सालीं कोल्हापुरांत काढली होती. दिग्दर्शक विनायक, नायकही विनायकच.

कथा साधी आहे. औदुंबर हा चारचौघांसारखा तरुण. खोलीच्या भिंतींवर नटींचीं चित्रें लावणारा. देशभक्त जटाशंकरांचें ब्रह्मचर्यावरील व्याख्यान तो ऐकतो आणि एका रात्रींत पालटतो. चित्रें फाडलीं जातात, व्यायाम सुरू होतो, आणि स्वारी आचार्य चंडीरामांच्या आश्रमवजा संस्थेंत दाखल होते. हे आचार्य दामुअण्णा मालवणकरांनीं रंगविले आहेत. त्यांच्या नजरेंतच निम्मा विनोद आहे. पुढें किशोरी त्याच्या वाटेंत येते, आणि निश्चयाचा बुरूज ढांसळूं लागतो. ज्या वृक्षाखालीं दत्तगुरूंच्या पादुका असावयाच्या, त्याचेंच नांव या डळमळत्या व्रतस्थास देणें, आणि तें नृसिंहवाडीच्या प्रांतांतील संस्थेनें पडद्यावर आणणें, हा खोडकरपणा इकडील प्रेक्षकास फोडून सांगावा लागला नसेल.

आतां पहिल्या प्रश्नाकडे वळूं. ब्रह्मचर्य तालमींतही असतें. पहिलवान लंगोटाचा सच्चा असावा, हा वस्तादांचा जुनाच दंडक आहे. परंतु तें व्रत कुस्तीसाठीं असतें. जोवर फडांत उतरावयाचें तोवर तें पाळावयाचें; मग लग्न करावें, शेत पाहावें, पोरांस तालमींत घालावें. पहिलवानाचें ब्रह्मचर्य हें साधन आहे; औदुंबराचें ब्रह्मचर्य हेंच साध्य होऊन बसलें आहे. त्याला कोणाशीं लढावयाचें नाहीं, कोणतें ओझें उचलावयाचें नाहीं. आपण इतरांहून शुद्ध आहों, या जाणिवेचाच त्याला कैफ चढला आहे. मातीनें ज्याची परीक्षा कधीं घेतली नाहीं असा हा बलोपासक आहे. म्हणून ‘ब्रह्मचारी’ पाहून खऱ्या पहिलवानास राग येण्याचें कारण नव्हतें. तीत त्याची नव्हे, त्याच्या नकलेची फजिती होती. ज्या गांवीं अस्सल नाणें चालतें, तेथेंच खोटें नाणें वाजवून पाहतां येतें. आणि मला वाटतें, हा चित्रपट कोल्हापुरासच सुचावा याचें मर्म येथें आहे.

येथवर अत्र्यांचा व विनायकांचा पक्ष बळकट आहे. परंतु याच चित्रपटांत एक प्रसंग असा आहे कीं, तो पाहिल्यावर केवळ हंसून मोकळें होतां येत नाहीं. किशोरीची भूमिका करणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर यांचा हा पहिलाच चित्रपट. औदुंबराचें व्रत भंगावें म्हणून किशोरी पोहण्याच्या पोषाखांत पाण्यांत उतरून गाणें म्हणते. त्या काळीं मराठी पडद्यावर हें अघटित होतें. गाणें घरोघर गुणगुणलें गेलें आणि त्याच घरांतून नाकेंही मुरडलीं गेलीं. सनातनी मंडळींनीं गहजब केला.

हा गहजब तपासून पाहावा. लंगोट लावून शेंकडों पुरुष हजारों लोकांसमोर खासबागेंत उतरत होते. त्यांत कोणास कांहीं वावगें दिसलें नाहीं, आणि दिसावें असें त्यांत कांहीं नव्हतेंच. सँडो व्याघ्रचर्म नेसून देशोदेशीं फिरला. लोकांनीं त्याचे छायापट विकत घेतले. पुरुषाचा उघडा देह हें राष्ट्राचें सामर्थ्य आणि स्त्रीचा, तोही पोषाखांतला देह, हा राष्ट्राचा अधःपात, हें गणित आचार्य चंडीरामांचेंच आहे. म्हणजे जे प्रेक्षक पडद्यावरील चंडीरामांस हंसले, त्यांतील कित्येकजण बाहेर येतांच चंडीरामांचेंच मत बोलूं लागले! विनोदकारास याहून मोठा पुरावा मिळावयाचा नाहीं. परंतु त्या पुराव्याची किंमत लेखकानें दिली नाहीं, दिग्दर्शकानेंही दिली नाहीं. विनायकांचें नांव झालें, अत्र्यांचा दबदबा वाढला. बोलणीं ऐकलीं तीं मीनाक्षीबाईंनीं. आणि हेंही कबूल केलें पाहिजे कीं, स्त्रीकडे न पाहण्याच्या व्रताची टर उडविणाऱ्या या चित्रपटानें आपला गल्ला स्त्रीकडे पाहावयास लावूनच भरला. मीनाक्षीबाईंनीं त्यानंतरही पडद्यावर मानानें काम केलें, हें त्यांच्या धैर्याचें द्योतक होय. शरीर न लाजतां वागविणें ही जर बलोपासनेची खूण असेल, तर त्या चित्रपटांतील खरी बलोपासक तीच एक होती, असें मी म्हणेन.

मास्टर विनायक १९४७ सालीं, बेचाळिसाव्या वर्षींच गेले. केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगींत जळालें. खासबागेशेजारची ती भिंत काळवंडली तेव्हां कोल्हापुरांतील कुस्तीशौकीन आणि नाट्यशौकीन दोघेही सारखेच हळहळले. इकडे गांवोगांवीं आतां भिंतभर आरसे लावलेल्या व्यायामशाळा निघाल्या आहेत. त्यांत जाणाऱ्या तरुणांस नांवें ठेवण्याचें मला कारण दिसत नाहीं. औदुंबराप्रमाणें त्यांच्याही मनांत कोठें तरी दुबळेपणाची लाज असेल, आणि ती जावी अशी इच्छा वाईट नव्हे. आरशांत पाहण्यांतही पाप नाहीं. एवढेंच कीं आरसा विचारतो, कसा दिसतोस. आणि माती विचारीत असे, कोणाच्या उपयोगी पडतोस. वडगांवीं धनाजीरावांच्या समाधीपुढें उभें राहिलें म्हणजे हा दुसराच प्रश्न कानीं येतो.