लसवंत कोंबडी आणि आजारी कोंबडी

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. भारतातील ही पहिलीच नोंद. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान केले आणि लाखो पक्षी मारून पुरण्यात आले.

लस मात्र जगात उपलब्ध होती. मेक्सिकोने १९९५ पासून एच५एन२ विरुद्ध कोंबड्यांचे व्यापक लसीकरण केले होते. मग कत्तल का?

लस कोंबडीला मरणापासून वाचवते. संसर्ग पूर्ण रोखतेच असे नाही. वरकरणी धडधाकट पक्षी विषाणू पसरवत राहू शकतो. रक्त तपासावे, तर प्रतिपिंडे लसीनेही निर्माण होतात आणि आजारानेही. मेक्सिकोत घातक विषाणू लवकरच नाहीसा झाला, पण त्याचा सौम्य भाऊबंद वर्षानुवर्षे टिकला आणि हळूहळू बदलतही गेला.

या कोड्यावर तोड निघाली ती इटलीत. १९९९-२००० मध्ये एच७एन१ च्या साथीत तेथील १.३ कोटींहून अधिक पक्षी मेले वा मारले गेले. ऑगस्ट २००० मध्ये तोच विषाणू सौम्य रूपात परतला. तेव्हा पादुआजवळच्या पशुरोग संस्थेत इलारिया कापुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुद्दाम 'न जुळणारी' लस निवडली. विषाणूच्या पृष्ठभागावर एच आणि एन अशी दोन प्रथिने असतात. संरक्षण मिळते ते प्रामुख्याने एच विरुद्धच्या प्रतिपिंडांमुळे. म्हणून लस एच७एन३ ची घेतली, तीही पाकिस्तानात १९९५ मध्ये मिळालेल्या वाणाची. एच जुळला, संरक्षण मिळाले. आता रक्तात एन१ विरुद्धची प्रतिपिंडे आढळली, तर ती लसीची असणे शक्यच नव्हते. त्या पक्ष्याला खरा संसर्ग झाला होता. शिवाय प्रत्येक कळपात काही पक्षी लसीविना ठेवले गेले, पहारेकरी म्हणून. कल्पना इतकी साधी की ती आधी कोणाला का सुचली नाही, असे वाटावे.

नियतीचा विनोद असा, की ऑक्टोबर २००२ मध्ये इटलीत जो विषाणू शिरला तो नेमका एच७एन३! जुनी युक्ती निकामी झाली. मग उलट डाव खेळावा लागला आणि एच७एन१ ची लस टोचण्यात आली.

व्यापाराचा संशय मात्र एवढ्याने फिटला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये फ्रान्सने बदकांचे सक्तीचे लसीकरण सुरू करताच अमेरिकेने तेथून येणाऱ्या कुक्कुट उत्पादनांवर निर्बंध घातले. कारण तेच जुने: लसवंत कळपात विषाणू दडून राहिला, तर तो ओळखायचा कसा?