बातम्यांनंतरचा पोलीस : ‘आंग प्रोबिन्स्यानो’ची सात वर्षं

आज आपण फिलिपिन्सला जाणार आहोत, तेही एका टीव्ही मालिकेच्या निमित्ताने. इतिहासाच्या व्याख्यानात मालिका कशाला, असं कुणाच्या मनात येईल. थोडा धीर धरा. ही मालिका 28 सप्टेंबर 2015 ला सुरू झाली आणि 12 ऑगस्ट 2022 ला संपली. भाग किती? 1696. सोमवार ते शुक्रवार, रात्रीच्या बातम्या संपल्या की लगेच. या काळात खरं पोलीस दल तिच्यावर रागावलं, आणि ती दाखवणारी वाहिनीच परवान्याअभावी बंद पडली. तरी मालिका पुन्हा उभी राहिली.

नावापासून सुरुवात करू. ‘प्रोबिन्स्यानो’ म्हणजे प्रांतातला, राजधानी मनिलाच्या बाहेरचा माणूस. आपण ‘गावाकडचा’ म्हणतो ना, तसंच. त्यात थोडी थट्टा आणि थोडी आपुलकी. स्पॅनिश राजवट तिथे तीनशेहून अधिक वर्षं होती, हा शब्द तिचाच. याच नावाचा सिनेमा नव्वदच्या दशकात आला. नायक आणि दिग्दर्शक एकच, फर्नांडो पो ज्युनियर. सगळा देश त्यांना ‘एफपीजे’ म्हणायचा. गोष्ट साधी: दोन जुळे भाऊ, दोघेही पोलीस. शहरातला भाऊ गुंडांकडून मारला जातो, आणि गावाकडचा भाऊ त्याचीच ओळख घेऊन त्याच्या जागी उभा राहतो. दोन तासांत गुन्हेगार सापडतात आणि हिशेब मिटतो.

एफपीजे हे नुसते नट नव्हते, हे इथे सांगायला हवं. त्यांचा नायक आधी मार खातो, सहन करतो, आणि मग एकदम हात उचलतो. गरीब प्रेक्षक त्या क्षणासाठी थेटरात जायचा. 2004 मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. आपल्याला एमजीआर आणि एनटीआर माहीत आहेत, त्यामुळे यात नवल वाटणार नाही. त्यांचे मित्र आणि नट जोसेफ एस्त्रादा तर 1998 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेच होते. पण एफपीजे हरले, सुमारे 11 लाख मतांनी. जिंकल्या ग्लोरिया मकापगाल अरोयो. त्याच वर्षी 14 डिसेंबरला एफपीजे वारले. पुढच्या वर्षी अरोयो आणि एका निवडणूक आयुक्ताच्या कथित संभाषणाच्या टेप बाहेर आल्या, आणि गैरप्रकाराचा आरोप देशभर गाजला. त्यांच्या पत्नी, स्वतः मोठ्या अभिनेत्री असलेल्या सुझन रोसेस, अरोयोंविरुद्ध उघडपणे बोलल्या. 2006 मध्ये अरोयो सरकारने एफपीजेंना ‘राष्ट्रीय कलाकार’ जाहीर केलं, तेव्हा कुटुंबाने तो मान नाकारला. तो स्वीकारला 2012 मध्ये, सरकार बदलल्यावर.

आता 2015. मालिकेच्या नावातच ‘एफपीजेंचं’ असा उल्लेख आहे, आणि नायकाच्या आजीच्या, म्हणजे लोला फ्लोराच्या भूमिकेत सुझन रोसेस आहेत. जुळा भाऊ मेल्यावर त्याच्या जागी कार्डोला उभं करण्याचा बेत घरातच ठरतो आणि त्यात ही आजी असते. पाहणाऱ्याला हे सगळं माहीत होतं. नवऱ्याचा वारसा विधवा नव्या पिढीच्या हाती सोपवते आहे, हे पडद्यावरही दिसत होतं आणि पडद्यामागेही.

नायक कोको मार्टिन. हा माणूस समांतर सिनेमातून आलेला. ब्रियांते मेंडोझा यांच्या ‘किनाताय’ या सिनेमात त्याने पोलीस व्हायला निघालेला एक विद्यार्थी केला होता, जो भ्रष्ट पोलिसांच्या सोबतीने एका भीषण खुनात ओढला जातो. मेंडोझांना त्याबद्दल 2009 मध्ये कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. म्हणजे तोच चेहरा, आधी गणवेशाची भीती दाखवणारा, आता गणवेशाचा अभिमान दाखवणार. आम्हाला हा योगायोग फार बोलका वाटतो.

आता मुख्य मुद्दा. सिनेमा संपतो, मालिका संपवायची नसते. लोकप्रिय मालिका कशी ताणतात, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण कौटुंबिक मालिका ताणायची तर नवी सून आणता येते, नवं कारस्थान आणता येतं. पोलिसाची गोष्ट ताणायची तर नवा खलनायक लागतो, आणि तो आधीच्यापेक्षा मोठा लागतो. गुंड पकडला, मग त्याला पाठीशी घालणारा पोलीस अधिकारी कोण? त्याच्या वरचा कोण? त्याला पैसा पुरवणारा राजकारणी कोण? अशी पायरी पायरी चढत मालिका राष्ट्राध्यक्षाच्या महालापर्यंत गेली. मधल्या काळात कार्डोवरच खोटे आरोप येतात, तो फरारी होतो, सशस्त्र गटात जातो. लेखकांनी पहिल्या दिवशी हे ठरवलं असेल असं आम्हाला वाटत नाही. रोजच्या भागांची भूकच गोष्टीला वर ढकलत होती.

आणि बाहेर काय चाललं होतं? 30 जून 2016 ला रोद्रिगो दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले. तेही दावाओचे, म्हणजे एका अर्थी प्रोबिन्स्यानोच. त्यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत, सरकारच्याच आकड्यांनुसार, पोलीस कारवायांत 6000 हून अधिक माणसं मारली गेली. मानवाधिकार संघटना आकडा याच्या कितीतरी पट सांगतात. आधी बातम्यांत या बातम्या, आणि लगेच पुढे बंदूक घेतलेला चांगला पोलीस! या मालिकेने गोळी झाडणाऱ्या पोलिसाला नायक केलं, हा आक्षेप आम्हाला टाळण्यासारखा वाटत नाही. पण तीच मालिका रोज रात्री हेही सांगत होती की गुन्ह्याची मुळं वरच्या खुर्च्यांत असतात. लोक यातलं काय घेत होते? बहुधा दोन्ही.

वरच्या खुर्च्यांना मात्र दुसरं लगेच टोचलं. नोव्हेंबर 2018 मध्ये, मालिकेत पोलीसप्रमुखच भ्रष्ट दाखवल्यावर, खऱ्या पोलीसप्रमुखांनी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि दलाकडून मिळणारी मदत काढून घेण्याची भाषा झाली. गृहखात्याने गणवेश आणि बोधचिन्हांच्या वापरावरून कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. शेवटी बोलणी होऊन प्रकरण मिटलं. पण गंमत बघा: गोष्ट काल्पनिक आहे, हे सगळ्यांना मान्य होतं. मग राग कसला होता?

2020 चा घाव मालिकेसाठी नव्हता, तो एबीएस-सीबीएन या वाहिनीवर होता. 2016 च्या निवडणुकीत आपल्या काही जाहिराती दाखवल्या नाहीत म्हणून दुतेर्ते तिच्यावर नाराज होते, आणि तसं ते उघड बोलत. तिचा 25 वर्षांचा परवाना 4 मे 2020 ला संपला. दुसऱ्या दिवशी नियामकाचा आदेश आला आणि प्रक्षेपण थांबलं. 10 जुलैला प्रतिनिधीगृहाच्या समितीने 70 विरुद्ध 11 मतांनी नवा परवाना नाकारला. करोनाची साथ चालू, आणि हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. जुन्या लोकांना 1972 आठवलं: मार्कोस यांच्या लष्करी कायद्यात हीच वाहिनी बंद झाली होती, ती 1986 मध्ये परतली.

यावेळी मालिकेने वाट काढली. जूनमध्ये केबलवर आणि इंटरनेटवर, मग दुसऱ्यांच्या वाहिन्यांवर वेळ मिळवून. ज्या गावाकडच्या माणसाचं नाव तिने लावलं होतं, त्याच्या घरातल्या अँटेनावर मात्र ती बरेच दिवस दिसली नाही. नुकसान कुणाचं झालं हे मोजायचं तर इथून मोजावं.

सुझन रोसेस 20 मे 2022 ला गेल्या. 30 जूनला दुतेर्तेंची मुदत संपली आणि मार्कोस यांचे चिरंजीव राष्ट्राध्यक्ष झाले. सहा आठवड्यांनी ‘आंग प्रोबिन्स्यानो’चा शेवटचा भाग झाला. 13 फेब्रुवारी 2023 ला कोको मार्टिन परत आला, ‘बातांग कियापो’ घेऊन. हाही एफपीजेंच्याच 1986 च्या सिनेमावरून. मात्र यातला नायक पोलीस नाही. तो मनिलाच्या कियापो वस्तीतला, पोलिसांपासून पळणारा पोरगा आहे.