हेमकुंडाचा शोध कोणी लावला?

वडवणीहून नांदेडला एका दिवसात जाऊन येता येते. सचखंडात गेलो की यात्रेकरूंच्या बोलण्यात हेमकुंडाचे नाव हमखास कानावर येई. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला तो इथे, गोदाकाठी. आणि श्रद्धेनुसार पूर्वजन्मी त्यांनी तप केले ते तिथे, हिमालयात. नांदेडला साल आहे, कागद आहेत. हेमकुंडाला काय आधार, हे पाहायला मी निघालो.

आधार आहे तो ‘बिचित्र नाटक’ या रचनेचा. ती दशम ग्रंथात येते. या ग्रंथातील रचनांच्या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांत वाद आहेत. परंपरा मात्र ‘बिचित्र नाटक’ गुरूंचे आत्मकथन मानते. त्यात हेमकुंट पर्वत, त्याची सात शिखरे आणि तिथे पंडुराजाने केलेली साधना यांचा उल्लेख आहे. सप्तशृंग म्हटले की आपल्या मराठी कानाला वणी आठवते. पण पंडूच्या उल्लेखाने रोख हिमालयाकडे वळतो. महाभारतातला पंडू शतशृंगावर तप करतो.

या वर्णनावरून जागा ठरली ती विसाव्या शतकात. भाई वीरसिंग यांचे लेखन वाचून लष्करातून निवृत्त झालेले संत सोहनसिंग शोधाला लागले. बद्रीनाथच्या वाटेवरील पांडुकेश्वरला त्यांना पंडूच्या लोककथा ऐकायला मिळाल्या आणि लोक ‘लोकपाल’ नावाच्या तळ्यावर स्नानाला जातात हेही कळले. १९३४ मध्ये ते त्या तळ्यापाशी पोचले. पुढे हवालदार मोदनसिंग यांच्या साथीने तिथे दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी खोली उभी राहिली आणि १९३७ मध्ये तिच्यात गुरू ग्रंथसाहिबाची स्थापना झाली. आजची ताऱ्याच्या आकाराची इमारत नंतरची.

घांघरियाहून सहा किलोमीटरची खडी चढण आहे. चार हजार मीटरच्या वर बालाघाटात वाढलेली छाती दर वीस पावलांवर थांबते. वर मुक्कामाला परवानगी नाही. दुपारीच उतरावे लागते. लंगरातली गरम खिचडी खाऊन मी तळ्याकाठी आलो. गुरुद्वाराजवळच लक्ष्मणाचे लहानसे मंदिर आहे. लोकपाल ते हेच. दरीतल्या लोकांचे हे दैवत गुरुद्वाराच्या आधीपासूनचे.

त्या मंदिरापुढे मला माझेच एक वाक्य टोचले. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वीरगळाविषयी मी ‘शोध लागला’ असे लिहिले होते. त्या दगडाला गावातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावत होत्या. त्यांनीच मला तो दाखवला. लेखात मात्र त्या कुठेच नव्हत्या.

सोहनसिंगांचे श्रेय कमी होत नाही. पोथीतले वर्णन हाती धरून इतका डोंगर चढणे सोपे नाही. पण पोथीने त्यांना पांडुकेश्वरपर्यंत आणले; तळ्याची वाट तिथल्या लोकांना ठाऊक होती. पूर्वजन्म खरा की खोटा, हे इतिहासाच्या साधनांनी ठरत नाही. वाट कोणी दाखवली हे मात्र नोंदवता येते, आणि ते नोंदवणे आपले काम आहे.

परतल्यावर वीरगळावरचा तो लेख काढला. ‘शोध लागला’ खोडून ‘गावातल्या बायांनी दाखवला’ असे लिहिले.